ठिगळांच्या विमानांचं ऋण

विमानाच्या पत्र्याला रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन धरतो, दुसरा आत अंग चोरून बसतो आणि पत्र्यामागे लोखंडी डॉली दाबून ठेवतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. एकदा ठोकलं की ‘बरोबर’, दोनदा ठोकलं की ‘काढ, पुन्हा मार’ एवढीच भाषा. हे मला ओझरच्या विमान कारखान्यात लागण्याआधी वडिलांनी शिकवलं होतं. ते पुण्यात लोहगावला हवाई दलाच्या सहा नंबर स्क्वाड्रनमध्ये रिगर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे कारागीर होते आणि त्यांचे हात लिबरेटर विमानांवर तयार झाले होते.

ही लिबरेटर आली कुठून, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची चार इंजिनांची ही अमेरिकन बॉम्बफेकी विमानं कानपूरला उभी होती. अमेरिकेशी झालेल्या उसनवारीच्या कराराची अट अशी की, ती पुन्हा उडता कामा नयेत. म्हणून त्यांची मोडतोड करून ती तिथेच सोडून दिली गेली.

इकडे स्वातंत्र्य मिळालं आणि दोन महिन्यांत काश्मीरचं युद्ध पेटलं. जेमतेम 15 वर्षांच्या आपल्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हतं. तेव्हा डकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून बॉम्ब हातांनी बाहेर लोटले गेले. 24 मे 1948 रोजी हवाई दलाचे मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डकोटा लेहला उतरवलं. सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या वाळूत केलेली ती धावपट्टी होती. हे धाडस पुस्तकांत आलं आणि ते यायलाच हवं होतं.

पण त्याच वर्षी कानपूरच्या भंगारात जे घडलं, तेही तेवढंच मोठं होतं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं तिथे गेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये उभारलेल्या या कंपनीने युद्धकाळात अमेरिकन विमानांची दुरुस्ती केली होती. हातांना सवय होती. एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावत त्यांनी ती तात्पुरती उडण्याजोगी केली. चाचणी वैमानिक जिमी मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली आणि तिथे त्यांची पुरती डागडुजी झाली. अशी सुमारे चाळीस विमानं उभी राहिली. नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांच्यावर पाच नंबर स्क्वाड्रन उभं राहिलं आणि 1951 मध्ये पुण्यात सहा नंबर. पुण्याची विमानं समुद्रावर टेहळणी करत. 1968 पर्यंत ती सेवेत होती.

भंगारातून उचललेलं विमान वीस वर्षं उडतं, ते जुगाडाने नाही. पत्र्याला चीर गेली की आधी तिच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, कारण टोकदार कोपऱ्यातून नवी चीर निघते. भोकाची कोर साफ केल्याशिवाय रिव्हेट घालायचा नाही. वडील माझ्या हातून पत्रा काढून घेत, कोपऱ्यावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, “आत माणसं बसणार आहेत रे.” तेवढंच. मी पुन्हा कानस हातात घेई.

म्हणून ‘आपण जुगाडात हुशार’ असं कुणी कौतुकाने म्हटलं की मला वाईट वाटतं. त्या माणसांनी नियम मोडून वेळ मारून नेली नाही. साधनं नसतानाही त्यांनी नियम पाळले. आपल्या विमानउद्योगाचा पाया असा दुरुस्तीच्या शेडमध्येही घातला गेला आहे. दुरुस्ती हे दुय्यम काम मानणारा देश नवं बनवायलाही कच्चाच राहतो, हे मी आयुष्यभर पत्रा हाताळून सांगतो.

यातली काही लिबरेटर आजही जगात जपलेली आहेत. लंडनला हेंडनच्या संग्रहालयातलं लिबरेटर आपल्याच हवाई दलाने दिलेलं आहे. एक दिल्लीत पालमला हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. विमानं राहिली, पण त्यांच्या आत डॉली धरून बसलेल्यांची नावं कुठल्याही फलकावर मला दिसली नाहीत. आपला उद्योग त्यांच्या हातांवर उभा राहिला. संग्रहालयांनी विमानाशेजारी त्यांचीही नावं लिहायला हवीत.

पुणे, नाशिक, बंगळूर, कानपूर इथल्या अनेक घरांत अशा फिटर-रिगरांच्या वह्या, बिल्ले, शेडसमोर काढलेले फोटो ट्रंकेत पडून असतील. ते रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे नावं लिहा, त्यांच्यापैकी कुणी हयात असेल तर त्यांच्याशी बोलून आठवणी उतरवून घ्या आणि हवाई दलाच्या संग्रहालयाला कळवा. मी वडिलांची वही यंदा तशीच पाठवतो आहे.