घोड्यासाठी ऊन मोजतात. आपल्या पोरांसाठी कोण मोजणार?



आमच्या वस्तीच्या मागे एक मोकळे मैदान आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन वाजता तिथे कुत्रेसुद्धा फिरकत नाही. पण पोलीस भरतीचे वारे सुरू झाले की त्याच मैदानात, त्याच वेळी, आपली पोरे पळताना दिसतात. कुणी पहाटे पेपर टाकतो, कुणी संध्याकाळी दुकानात उभा राहतो. मधली दुपार तेवढी त्यांची स्वतःची.

परवाच्या रविवारी त्यातल्या एकाला आम्ही हटकले. तोंड लालबुंद झालेले, ओठ सुकलेले. तो म्हणाला, "काका, भरतीच्या दिवशी ऊन असणारच. आत्ताच सवय केलेली बरी. आणि पळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं." त्याची आई दारात उभी होती. ती कौतुकाने म्हणाली, "माझं लेकरू लई काटक आहे. बारा फेऱ्या मारतं, हूं की चूं करत नाही."

ते "हूं की चूं करत नाही" आमच्या काळजाला लागले. आम्ही म्हणालो, "बाळा, सावलीत बस. तुला घोड्यांची एक गोष्ट सांगतो." तो हसला. "काका, तुमचा आणि घोड्याचा काय संबंध?"

प्रश्न रास्त होता. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. घोड्याशी आमचा संबंध म्हणजे चौपाटीवर मुलीला एक चक्कर मारून आणली, तेवढाच. परंतु २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरचा फवाद मिर्झा हा तरुण घोडेस्वारीत भारतातर्फे उतरला आणि आम्हांला त्या खेळाची गोडी लागली. मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता जे हाती लागले, ते त्या पोराला सांगितले आणि आता आपल्याला सांगत आहोत.

ही स्पर्धा आहे तरी काय?

या खेळाला इव्हेंटिंग म्हणतात. एकच स्वार आणि एकच घोडा, पण परीक्षा तीन. पहिली ड्रेसाज, म्हणजे घोड्याची शिस्तबद्ध चाल. दुसरी क्रॉस कंट्री. ही खरी कसोटी. माळरानावरून काही किलोमीटर भरधाव पळायचे आणि वाटेतले ओंडके, चर, पाण्याची डबकी ओलांडायची. तिसरी शो जंपिंग. दमलेल्या घोड्याला आदल्या दिवसाच्या दौडीनंतरही नेमके, हलके उडता येते का, हे तिथे पाहतात.

मुळात ही लष्करी घोडदळाची परीक्षा. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ती प्रथम आली. सुरुवातीच्या काळात तिथे मुख्यतः लष्करी अधिकारीच उतरत. साधा शिपाई कितीही चांगला स्वार असला तरी त्याला मज्जाव. पुढे ती अट गेली. स्त्रियांना तर १९६४ पर्यंत थांबावे लागले. पहिली स्त्री या स्पर्धेत उतरली ती १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, आणि वैयक्तिक सुवर्णपदक प्रथमच एका स्त्रीने जिंकले तेही टोकियोच्याच ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली. जर्मनीच्या यूलिया क्रायेव्स्कीने. दार उघडल्यावर काय होते ते आपल्याकडेही दिसले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण रघुबीर सिंग यांनी 'शहजादा' या घोड्यावर मिळवले. ते अधिकारी नव्हते, दफेदार होते.

असो. आपला विषय उन्हाचा आहे.

बार्सिलोनाचा धडा

१९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री भर उकाड्यात झाली. काही घोडे शेवटच्या रेषेवर पोहोचले ते अगदी गळून गेलेले. ती दृश्ये पाहून लोक हळहळले. पुढचे ऑलिंपिक १९९६ साली अमेरिकेत अटलांटाला व्हायचे होते आणि तिथे तर ऊन आणि दमटपणा दोन्ही जास्त. तिथे घोडे पळवूच नका, असा सूर निघाला.

अशा वेळी "आमचे घोडे काटक आहेत, सोसतील" असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. परंतु घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने शास्त्रज्ञांना विचारले, की बाबांनो, घोडा किती ऊन सोसू शकतो ते मोजून सांगा. इंग्लंडमधल्या न्यूमार्केट येथील संशोधकांनी आणि इतर देशांतल्या तज्ज्ञांनी त्यावर काम केले. कृत्रिम उकाडा केलेल्या खोलीत, फिरत्या पट्ट्यावर घोडे चालवून-पळवून त्यांचा घाम, नाडी आणि अंगातली उष्णता तपासली.

त्यातून काय कळले? घोड्याचे वजन साधारण पाचशे किलो. पळताना त्याचे स्नायू जेवढी शक्ती खर्च करतात, तिच्यातला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा धावण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता होते. मोठ्या पातेल्यातले पाणी जसे लवकर निवत नाही, तसा हा मोठा देह लवकर निवत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग आपल्यासारखाच, घामाचा. कष्टाच्या एका तासात घोडा दहा ते पंधरा लिटर घाम गाळू शकतो आणि त्याबरोबर अंगातले मीठही जाते. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. मग अंग तापतच जाते. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे अंग ३८ अंशांच्या आसपास असते. अशा दौडीनंतर ते ४० च्या वर चढते.

दोन जुन्या समजुतीही या अभ्यासाने मोडीत काढल्या. पहिली, तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले की त्याचे स्नायू आखडतात. तसे काही आढळले नाही. उलट बर्फाचे पाणी सर्वांगावर पुन्हा पुन्हा ओतणे हाच त्याला निववण्याचा उत्तम उपाय ठरला. दुसरी, दमलेल्या घोड्याला पाणी पाजू नये. तीही चूक. तहानलेल्याला पाणी मिळालेच पाहिजे.

इथे तो पोरगा आमच्याकडे टक लावून पाहू लागला. आम्ही तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

ऊन मोजायचे कसे?

अटलांटाजवळ कॉनयर्स येथे स्पर्धा झाली. तिथे काय काय बदलले पाहा. घोडे आधीच आणून त्यांना त्या हवेची सवय केली. क्रॉस कंट्री सकाळी लवकर सुरू केली. पळण्याचे अंतर कमी केले, मधले थांबे वाढवले. ठिकठिकाणी सावली, बर्फाचे पाणी आणि पाण्याचा तुषार उडवणारे मोठे पंखे ठेवले. जनावरांचे डॉक्टर प्रत्येक घोड्याचा ताप आणि नाडी बघत होते. घोडा ठीक नसेल तर त्याला थांबवायचा अधिकार त्यांचा होता.

आणि ऊन मोजले. नुसते उन्हाचे अंश पाहिले नाहीत. एक साधा तापमापक, एक ओले फडके गुंडाळलेला आणि एक काळ्या गोळ्यात बसवलेला, जो ऊन खातो. तिघांचा मिळून एक आकडा काढतात. त्यात शंभरातले सत्तर गुण ओल्या फडक्याचे, वीस काळ्या गोळ्याचे आणि फक्त दहा साध्या तापमापकाचे. आम्ही आयुष्यभर बेरजा केल्या, पण एवढी शहाणी बेरीज क्वचितच पाहिली. कारण दमटपणाचा त्रास किती मोठा, हे तिने बरोबर ओळखले आहे. मुंबईचा माणूस पारा फारसा चढलेला नसतानाही का कासावीस होतो, त्याचे उत्तर या सत्तर गुणांत आहे. घोड्यांच्या स्पर्धेत हा आकडा २८ च्या वर गेला की खबरदारी सुरू होते आणि ३३ च्या वर गेला तर स्पर्धा घेणे योग्य मानत नाहीत.

आता खरी गंमत ऐका. ही बेरीज मुळात घोड्यांसाठी काढलेलीच नव्हती! १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सैन्यात नवीन भरती झालेले तरुण उन्हातल्या कवायतीत कोसळत होते. त्यांना वाचवण्यासाठी ती काढली. म्हणजे माणसाच्या पोरांसाठी काढलेले माप घोड्यांच्या कामी आले. आणि आपली पोरे मात्र अजून मापाविना पळताहेत.

टोकियोतले अठ्ठावीस सेकंद

टोकियोचा ऑगस्टही असाच घामाचा. तिथे घोड्यांच्या पागा वातानुकूलित होत्या. १ ऑगस्ट २०२१ रोजी क्रॉस कंट्री सकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू झाली. वाट साडेचार किलोमीटरांच्या आत ठेवली होती. उड्यांची फेरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात.

एवढे करूनही हा खेळ धोक्याचा. त्या दिवशी स्वित्झर्लंडच्या एका घोड्याच्या पायाला मोठी दुखापत झाली आणि त्याला वेदनामुक्त करावे लागले. ते उन्हामुळे नव्हते, पण जिवाशी खेळ कसा असतो ते त्यातून कळते.

आपला फवाद मिर्झा 'सेन्यॉर मेडिकॉट' या घोड्यावर होता. २००० साली सिडनीला इम्तियाज अनीस उतरले होते, त्यानंतर एकवीस वर्षांनी या खेळात भारत ऑलिंपिकमध्ये दिसत होता. पहिल्या परीक्षेत फवाद नववा होता. क्रॉस कंट्रीत एकाही अडथळ्यावर चूक झाली नाही, फक्त ठरल्या वेळेपेक्षा अठ्ठावीस सेकंद जास्त लागले. त्याचा दंड ११.२० गुण. शेवटी तो तेविसावा आला. अंतिम फेरीत पोहोचला आणि घोडा दुसऱ्या दिवशी एकाच संध्याकाळी दोन फेऱ्या उडाला.

या खेळात घाईपेक्षा घोडा धड घरी येणे मोठे. दौड संपल्याबरोबर स्वार खाली उतरतो, खोगीर सैल होते, मोतद्दार बादल्या घेऊन धावतात. पदक, फोटो, सगळे नंतर. घोडा बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणारी पाच माणसे तिथे उभी असतात.

बोलणारी पोरे गप्प का?

आमची गोष्ट इथे संपली. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, घोडा बोलत नाही ते ठीक. पण आम्ही तरी कुठं बोलतो? थांबलो तर बाद. घरी सगळे वाट बघत असतात."

बंधू-भगिनींनो, याचे उत्तर आमच्याजवळ पटकन नव्हते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही तरुण जिवाला मुकले, हे आपण विसरलो नसाल. ती पोरेसुद्धा कुणाची तरी काटक लेकरेच होती.

त्या पोराचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उन्हाची सवय करावी लागते. घोड्यांनाही करतात. पण ती दहा-पंधरा दिवस थोडी थोडी, पाणी पिऊन, कुणाच्या तरी नजरेखाली. भर दुपारी उपाशीपोटी, एकट्याने बारा फेऱ्या मारणे म्हणजे सवय नव्हे. म्हणून एवढे तरी करू या:

१) पळण्याची मेहनत पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. कोंदट, दमट दिवशी फेऱ्या कमी.

२) पळण्याआधी, मध्ये आणि नंतर पाणी. घाम खूप गेला तर मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस.

३) एकट्याने पळायचे नाही. एक जण बाजूला पाण्याची बादली घेऊन उभा राहील.

४) कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, ओकला किंवा कोसळला, तर "जरा बसला की बरा होईल" म्हणू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

५) आई-बापांनी "थांबलास तरी चालेल" हे एक वाक्य पोराला आधीच सांगून ठेवावे. परीक्षा पुन्हा देता येते.

हाच नियम गवंडीकाम करणाऱ्या बापाला, शेतात राबणाऱ्या आईला आणि हातगाडी ओढणाऱ्या भावालाही लागू आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता राहिला वेळेचा प्रश्न. पहाटे पेपर टाकणाऱ्याने पळायचे कधी? संध्याकाळी पळावे तर मैदानात उजेड नाही. वस्तीतल्या वीस पालकांच्या सह्या घेऊन मैदानात दोन दिवे लावावेत, असा अर्ज आम्ही वॉर्ड ऑफिसात दिला आहे. पोच घेतली आहे. पाठपुरावा चालू आहे. तोवर शेजारचा रिक्षावाला रोज साडेसात वाजता रिक्षा मैदानाच्या कडेला लावून अर्धा तास दिवा चालू ठेवतो.

आणि "हूं की चूं करत नाही" म्हणणारी ती माउली? ती आता बादली आणि तांब्या घेऊन कडेला उभी असते. तिसऱ्या फेरीला पोराला हाक मारते, "ये, आधी पाणी पी." तो थांबतो, पितो आणि पुन्हा पळतो.

आपल्या वस्तीतही असे एक मैदान असेल. तिथे बादली घेऊन कोण उभे राहणार, ते या आठवड्यात ठरवा.