पाटल्या मोडण्यापूर्वी

परवा दुपारी शेजारची वहिनी पाटल्यांची डबी घेऊनच दारात उभी राहिली. "सराफाकडे निघालेय, येता का सोबत?" चेहरा पाहून म्हटलं, आधी आत ये, चहा घे.

तिची लेक बावीस वर्षांची, बी.एड. करतेय. दोन वर्षांपूर्वी ओठांच्या कडेला आणि बोटांच्या टोकांवर पांढरे डाग उमटले. कोड. मग बघायला आलेली दोन स्थळं कारण न सांगता परत गेली. अशातच शहरातल्या एका क्लिनिकची जाहिरात हाती पडली. स्टेम सेलची पाच इंजेक्शनं, डाग मुळापासून गायब! फोनवरचा माणूस म्हणाला, "ताई, सध्या ट्रायल चालू आहे, म्हणून सवलतीत करतोय." सवलतीचा आकडा दीड लाख.

ट्रायल आणि तिचे दीड लाख? मला इथेच ठेच लागली.

मैत्रिणींनो, स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. त्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होतात. हे थोतांड नाही बरं का. जर्मनीत २०१५ साली एका सात वर्षांच्या मुलाची बहुतेक सगळी कातडी जन्मजात आजाराने सोलून निघाली होती. त्याच्याच त्वचेच्या पेशींमधला दोष दुरुस्त करून डॉक्टरांनी प्रयोगशाळेत नवी त्वचा वाढवली आणि अंगाचा सुमारे ८० टक्के भाग तिने झाकला. मुलगा वाचला. पण तो आजार अगदी दुर्मीळ. त्यावरून इसब, सोरायसिस, कोड इंजेक्शनाने बरे होतात असं म्हणणं म्हणजे एका घरी पुरणपोळी फुगली म्हणून गावभर जेवण तयार झालं असं सांगण्यासारखंच.

इसबाचंच बघा. दक्षिण कोरियात नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी इसबाच्या ३४ रुग्णांना टोचल्या. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. जास्त मात्रा मिळालेल्यांपैकी ५५ टक्के जणांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरला होता. सगळ्यांना आनंद झाला. पण इसब मुळातच लहरी, कधी चिघळतं, कधी आपोआप निवतं. म्हणून पुढच्या मोठ्या चाचणीत काहींना खऱ्या पेशी आणि काहींना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. २०१९ मध्ये निकाल लागला, तेव्हा दोन्ही गटांत ठरवलेल्या कसोटीवर उतरेल असा फरकच दिसला नाही. चाचणी असते ती यासाठी. 'मला गुण आला' आणि 'औषधाने गुण आला' यातला फरक तिथे कळतो.

आपल्याकडेही नियम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताच्या काही आजारांसाठीच मूळ पेशींच्या उपचाराला मान्यता दिली. त्वचेचे नेहमीचे आजार त्या यादीत नाहीत. बाकी जे करायचं ते रीतसर चाचणीतच. चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत, म्हणजे 'सीटीआरआय'मध्ये करावी लागते. तिथे तिला क्रमांक मिळतो आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. एथिक्स कमिटीची परवानगी लागते. प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झालीच, तर उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि मधेच 'मला नको' म्हणून बाहेर पडायची मुभा आपल्याला कायम असते.

म्हणून कुणी 'ट्रायल' म्हटलं की हे विचारा. नोंदणी क्रमांक काय? कमिटी कुठली? मला खरं औषध मिळेल की तुलनेच्या गटात टाकाल? त्रास झाला तर जबाबदार कोण? संमतीपत्र मराठीत द्याल का, आणि घरी नेऊन वाचू द्याल का? घाईने सही मागणाऱ्याला नमस्कार करा आणि घरी या.

कोडावर काहीच नाही असंही नाही. मलमं आहेत, अतिनील किरणांचा शेक आहे. डाग वर्षभर वाढले नसतील तर स्वतःच्याच त्वचेतल्या रंगपेशी डागावर बसवण्याची शस्त्रक्रियाही होते. ही स्टेम सेल नव्हे, जाहिरातवाले मात्र सगळं एकाच टोपलीत घालतात. ओठांवरचे आणि बोटांच्या टोकांवरचे डाग हट्टी असतात, हेही चांगला डॉक्टर आधीच सांगतो. खात्री देतो तो विक्रेता.

चहा संपेस्तोवर लेक कॉलेजातून आली. सगळं ऐकून तिनेच क्लिनिकला फोन लावला आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. "क्रमांक कसला, ताई? तुम्ही या तर खरं!" एवढं बोलून फोन ठेवला गेला. पोरगी हसली. वहिनी मात्र डोळे पुसत होती. "मला डागांचं नाही हो, तिच्या लग्नाचं भय वाटतं."

खरं दुखणं तिथे आहे. कोड संसर्गजन्य नाही, तो कुष्ठरोग नाही, हे आपल्याला माहीत असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' चित्रपट २००६ साली आला, आपण तो पाहून हळहळलो. तरी सून बघायला जाताना नजर पहिल्यांदा मुलीच्या हातावरच जाते. आपलं हे भय आहे, तोवर असल्या क्लिनिकांची दुकानं चालणार.

पाटल्या पुन्हा कपाटात गेल्या. मायलेकी सोमवारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जाणार आहेत. केसपेपर काढायचा आणि प्रश्न लेकीनेच विचारायचे, असं ठरलंय. अंग तिचं आहे, सहीही तिचीच.