धरणातले वादळ

मच्छीमारांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला, की आपली नजर कोकणाकडे वळते. हिंगोलीला समुद्र नाही. पण पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या जलाशयांत जाळी टाकून पोट भरणारी कुटुंबे आहेत. धरणाचे पाणीही किती घातक ठरू शकते, हे २१ मे २०२४ रोजी उजनीत दिसले. वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जणांचा बळी गेला.

विस्तीर्ण पाण्यावर वाऱ्याला आडोसा नसतो. वळिवाचे ढग दाटले, की काही मिनिटांत लाटा उसळतात. त्यांपुढे लहान होडी वा थर्माकोलचा तराफा टिकत नाही. वीज कोसळण्याचा धोका वेगळाच. बंदरात बावटा चढतो, धरणाकाठी तो नसतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. परंतु ती होडीपर्यंत वेळेत पोहोचायला हवी.

पहिल्या गडगडाटासरशी काठ गाठावा, हे खरे. मात्र जाळे सोडून परतणे म्हणजे दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. म्हणूनच हा भार एकट्या मच्छीमारावर टाकता येणार नाही. जलाशय ठेक्याने देणाऱ्या शासनाने आणि तो घेणाऱ्या सहकारी संस्थांनी प्रत्येक होडीत जीवरक्षक जॅकेट आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वीच पाहिले पाहिजे.