निवडलेल्यांना हाक कशाला?

इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरच्या सोहम गावात १७७० साली एका माणसाच्या दारूवरून अख्खी मंडळी हादरली. तो तिथल्या छोट्या बॅप्टिस्ट मंडळीचा सभासद होता. तो प्यायला आणि गावभर बोभाटा झाला. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतलेला सोळा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, अँड्र्यू फुलर, त्याला समजवायला गेला. माझ्या हातात काही नव्हतं, माणूस स्वतःला राखू शकत नाही, असं उत्तर त्याला मिळालं. फुलरने ते मानलं नाही. तुला आवरता आलं असतं, असं त्याने तोंडावर सांगितलं. त्या सभासदाला काढून टाकण्यावर मंडळीचं एकमत झालं. भांडण पेटलं ते नंतर, कारणावरून. पाप टाळायची ताकद माणसात असते की नाही? पाळक जॉन ईव्ह यांचं म्हणणं असं, की कृपेशिवाय अंतःकरण पालटत नाही हे खरं, पण उघड पापापासून हात मागे घेण्याइतकं बळ माणसापाशी असतं. काही सभासदांना एवढंही सोसवेना. वाद चिघळत गेला आणि १७७१ च्या ऑक्टोबरात ईव्ह यांनाच मंडळी सोडावी लागली.

तारण देवाच्या निवडीने होतं की माणसाच्या निर्णयाने, या वादाविषयी लिहायचं तर मला ऑगस्टीन आणि पेलॅजियस यांच्यापेक्षा सोहमपासून सुरुवात करावीशी वाटते. पाचव्या शतकातल्या त्या दोघांनी प्रश्न मांडला, हे खरं. पण सिद्धांत माणसांच्या जगण्यात उतरला की काय होतं, ते या गावात दिसतं.

आपल्याकडे हा विषय निघाला की तो लगेच प्रारब्धाच्या खात्यात टाकला जातो. तिथे मोठी गफलत होते. प्रारब्धात माणसाचं स्वतःचंच कर्म, मागच्या जन्मीचं का होईना, फळाला येतं. धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतल्या निवडीत माणसाच्या कर्माला जागाच नाही. देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वी ज्यांना निवडलं, त्यांची लायकी पाहून निवडलं नाही. म्हणून तारण पावलेल्याला मिरवायला काही उरत नाही, आणि हेच या शिकवणुकीचं खरं मर्म आहे. ती माणसाचा गर्व मोडायला निघालेली आहे. तिच्याविषयी बोलताना हा हेतू विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

पण तिच्या नावावर बरंच काही झालं. हॉलंडमध्ये याकोबस आर्मिनियस यांच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमांचं निवेदन दिलं. ख्रिस्त सर्वांसाठी मेला आणि माणूस कृपेला नकार देऊ शकतो, असं ते म्हणत होते. १६१८-१९ मध्ये डॉर्डरेख्टच्या धर्मसभेने ती कलमं फेटाळली, पाठोपाठ दोनशेच्या आसपास पाळकांची पदं गेली. आर्मिनियसच्या बाजूच्यांचे राजकीय आधारस्तंभ योहान फान ओल्डनबार्नेवेल्ट यांचा १३ मे १६१९ रोजी हेगमध्ये शिरच्छेद झाला. ते ७१ वर्षांचे होते. त्यामागे सत्तेचं राजकारण होतंच. तरी तारणाच्या प्रश्नावरून माणसांना देशोधडीला लावता येतं, याची ती साक्ष आहे.

इंग्लंडमध्ये रक्त सांडलं नाही. तिथे निराळंच घडलं. सोहमसारख्या पर्टिक्युलर बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्त निवडलेल्यांसाठीच मेला असं मानणाऱ्यांमध्ये, अठराव्या शतकात एक कडक तर्क रुजला. निवड आधीच झालेली आहे. ज्याला नवा जन्म मिळालेला नाही तो विश्वास ठेवूच शकत नाही. मग जे त्याला जमणारच नाही, ते कर म्हणून सांगायचं कशाला? उपदेशक व्यासपीठावरून ख्रिस्ताचं वर्णन करत, निवडलेल्यांच्या मनात काय काय घडतं ते बारकाईने सांगत, पण समोरच्या माणसाला ‘ये’ म्हणत नसत. तर्क बिनचूक आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे.

फुलर लहानपणी असाच उपदेश ऐकत वाढला. पापाच्या जाणिवेने तो पोरवयात तळमळत होता, आणि त्याच्यापुढचा प्रश्न असा होता, की ख्रिस्ताकडे जायचा मला अधिकार आहे का? निवडल्याची खूण मनात आधी दिसायला हवी आणि मग जायचं, असं त्याला शिकवलेलं. खूण काही दिसेना. अखेर १७६९ साली, बोलावणं आलेलं नसताना जीव मुठीत धरून राजापुढे गेलेल्या बायबलमधल्या एस्तेरसारखा, तो हक्काची वाट न पाहता गेला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला देवाकडे जायला परवानगी शोधावी लागावी, यासारखी दुःखाची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात दुसरी दिसत नाही. शिरच्छेद एका माणसाचा झाला. इथे पिढ्यान् पिढ्या माणसं बाकावर बसून आपण आत की बाहेर हे चाचपत राहिली.

पुढे फुलर त्याच सोहमचा पाळक झाला, १७८२ साली नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या केटरिंगला गेला, आणि १७८५ मध्ये त्याने ‘द गॉस्पेल वर्दी ऑफ ऑल अ‍ॅक्सेप्टेशन’ हे पुस्तक छापलं. त्याने निवडीचा सिद्धांत सोडला नाही. अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स यांनी १७५४ साली, फुलरच्या जन्माच्याच वर्षी, इच्छास्वातंत्र्यावर एक ग्रंथ लिहिला होता. त्यातला एक भेद फुलरला सापडला. ‘जमत नाही’ याचे दोन अर्थ होतात. साखळीने बांधलेल्या माणसाला उठता येत नाही, कारण अंगाला अडथळा आहे. त्याने कितीही मनावर घेतलं तरी उपयोग नाही, आणि त्याला दोष देणं अन्याय आहे. दुसरा माणूस मोकळा आहे, हातपाय धड आहेत, पण उठायची त्याला इच्छाच नाही. आपल्या भावाचा इतका द्वेष करणारा माणूस, की त्याच्याशी गोड बोलणं त्याला ‘शक्यच नाही’, तो याच प्रकारचा. हे न जमणं खरं असतं, पण ते माणसाला दोषातून सोडवत नाही. उलट द्वेष जितका मुरलेला, तितका तो माणूस अधिक दोषी, असंच आपण धरतो.

पापी माणसाचं न जमणं या दुसऱ्या जातीचं आहे, असं फुलरने मांडलं. त्याला बुद्धी आहे, ऐकायला कान आहेत, इच्छा करायचं मन आहे. त्याला नको आहे, इतकंच. म्हणून प्रत्येकाला विश्वास ठेवायला सांगणं योग्यच आहे, आणि विश्वास ठेवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. ती इच्छा पालटणं मात्र देवाचं काम.

या भेदाने काय मोकळं झालं ते पाहण्यासारखं आहे. फुलरच्याच वर्तुळात मोल्टन गावचा एक चर्मकार होता, विल्यम कॅरी. परदेशात सुवार्ता नेण्याचा विषय त्याने पाळकांच्या बैठकीत काढला तेव्हा एका वडीलधाऱ्याने, देवाला करायचं तेव्हा तो तुझ्या मदतीवाचून करेल, असं सांगून त्याला खाली बसवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या वडीलधाऱ्याच्या मुलानेच पुढे तिच्यावर शंका घेतली, म्हणून ती पुरावा म्हणून वापरू नये. पण कॅरीने १७९२ साली जी पुस्तिका छापली तिचा विषयच, सुवार्तेसाठी साधनं वापरणं ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे, हा होता. ज्याचं खंडन करायला पुस्तिका लिहावी लागते, ते मत आसपास जिवंत असतंच. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरात बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. फुलर तिचा पहिला चिटणीस झाला आणि १८१५ साली मरेपर्यंत चिटणीस राहिला. निधी गोळा करत तो स्कॉटलंडपर्यंत फिरला. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही.

कॅरी पुढच्याच वर्षी बंगालला पोहोचला. त्यानंतरचा भाग मराठी वाचकाच्या घरातला आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली कॅरीचं मराठी व्याकरण निघालं, १८१० साली मोडी खिळ्यांत मराठी–इंग्रजी कोश निघाला, १८११ साली नवा करार मराठीत आला. या कामात वैजनाथ पंडितांचा मोठा हात होता. आपल्या छापील भाषेच्या आरंभीच्या पानांमागे, पापी माणसाला ‘ये’ म्हणावं की नाही यावरचा एक इंग्रजी खेड्यातला वाद उभा आहे, हे आपल्या वाङ्मयेतिहासात फारसं सांगितलं जात नाही. ते सांगितलं जायला हवं.

मुंबईची गोष्टही याच दिशेने जाते. १८१३ साली तिथे उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी, एडवर्ड्सच्या विचारांचा ठसा असलेल्या न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांतून आले होते. १८२९ साली आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे, म्हणजे कॅल्विनच्याच वळणाचे. निवडीवरचा विश्वास माणसाला हातावर हात धरून बसवतो, हा आरोप या माणसांपुढे टिकत नाही. त्यांनी शाळा काढल्या, भाषा शिकल्या, आणि घरच्यांना इथल्या मातीत पुरलं. माझा आक्षेप आळसाचा नाही.

माझा आक्षेप डॅन टेलर यांनी मांडला तो आहे. टेलर यॉर्कशायरचे, लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेले, पुढे जनरल बॅप्टिस्टांचे पुढारी. ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं मानणाऱ्यांचे. फुलरचं पुस्तक आल्यावर त्यांनी टोपणनावाने उत्तर लिहिलं. त्यांचा रोख असा, की हाक सर्वांना मारायची, पण ख्रिस्ताचं मरण सर्वांसाठी नाही, तर ज्याच्यासाठी काही ठेवलेलंच नाही त्याला मारलेली हाक खरी कशी? ‘जमत नाही’ आणि ‘नको आहे’ हा भेद ऐकणाऱ्याची जबाबदारी ठरवतो. बोलावणाऱ्याच्या मनात काय आहे, या प्रश्नाला तो भिडत नाही. शिवाय इच्छा पालटणं देवाच्या हाती असेल, तर त्याने एकाची पालटली आणि शेजारच्याची का नाही, हे उरतंच. फुलर म्हणेल, कृपा कुणाचं देणं लागत नाही. बरोबर आहे. पण जो देव प्रेम आहे असं सांगायचं, त्याच्याविषयी एवढंच उत्तर मला पुरत नाही. या मुद्द्यावर मी टेलर यांच्या बाजूने आहे.

फुलरवरही त्यांचा परिणाम झाला. १८०१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपली मांडणी बदलली. ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाला पुरेसं आहे, मर्यादा आहे ती ते कुणाला लागू करायचं या देवाच्या हेतूत, असं तो लिहू लागला. टेलर यांच्याशी वाद घालताना हे पटलं, हे त्याने लपवलं नाही. टेलर यांना तेवढ्याने समाधान वाटलं नसावं, मलाही वाटत नाही. तरी छापून झालेल्या पुस्तकात विरोधकाच्या म्हणण्यावरून दुरुस्ती करणाऱ्या धर्मपंडिताचा मला मनापासून आदर वाटतो. डॉर्डरेख्टच्या सभेत असं काही घडलं नव्हतं.

१८९१ साली इंग्लंडचे जनरल आणि पर्टिक्युलर बॅप्टिस्ट एका संघात आले. कुणाला निवडलं आणि का, यावर त्यांचं एकमत झालेलं नव्हतं. कडव्या मताच्या काही मंडळ्या त्या एकीबाहेर राहिल्या. त्या आजही आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये समोर बसलेल्याला ‘ये’ म्हणावं का, यावर अजून चर्चा चालते.