दवाखान्याची जागा आणि रुग्णाचे गुडघे

स्वतःचा दवाखाना काढायला निघालेल्या तरुण डॉक्टरला सगळे एकच सल्ला देतात : जागा मोक्याची बघ. मोक्याची म्हणजे हमरस्त्यावरची, बसथांब्यासमोरची, बोर्ड लांबून दिसेल अशी. तिथल्या तळमजल्यावरच्या गाळ्याचे भाडे झेपत नाही, मग त्याच इमारतीचा पहिला मजला घेतला जातो. लिफ्ट नसते, किंवा असली तर ती मागच्या निवासी जिन्यात असते. मधल्या अठरा-वीस पायऱ्या मालकाला, एजंटाला आणि तिशीच्या आतल्या डॉक्टरला दिसतच नाहीत.

आमच्या मते हमरस्त्यावरच्या पहिल्या मजल्यापेक्षा गल्लीतला तळमजला बरा. बोर्ड पाहून येणारा रुग्ण बहुधा एकदाच येतो. दवाखाना चालतो तो पुन्हा पुन्हा येणाऱ्यांवर. हे कोण? मधुमेहाचे, रक्तदाबाचे, कवळीचे माप द्यायला आलेले आजोबा, आठवा महिना लागलेली बाई, तापलेले पोर कडेवर घेतलेली आई. अशी माणसे शेजाऱ्याला डॉक्टरचे नाव सुचवतात तेव्हा ‘पण जिना आहे हं’ हेही सांगून टाकतात.

तळमजला म्हटला तरी जोते मोजून घ्यावे. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार साधारण एकास बारा या प्रमाणात हवा, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट लांबी. गाळ्यापुढे पाच फूट जागा असेल तर उरलेला उतार पदपथावर येणार आणि महापालिका तो कधीतरी उखडणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकली आहे. दवाखान्याला त्यातून सूट मागण्याचे तोंड नाही.

अर्थात गल्ली सर्वांनाच मानवते असे नाही. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभारले. गाव रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातूनही रुग्ण येत राहिले आणि त्या आधाराने पुढे वैद्यकीय गावच वसले. दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर ज्याचे रुग्ण येतात अशा हृदयरोगतज्ज्ञाने किंवा शल्यविशारदाने अशा दाटीतच बसावे. फॅमिली डॉक्टर आणि दंतवैद्य यांची जागा मात्र वस्तीत, चालत पोचता येईल अशा अंतरावर.

दंतवैद्याचे गणित आणखी वेगळे, आणि ते जागा दाखवणाऱ्या कोणालाच ठाऊक नसते. दातांची खुर्ची हे फर्निचर नव्हे. तिला पाणी लागते, सांडपाण्याची वाट लागते, दाबाची हवा आणि वीज लागते, आणि हे सगळे बहुधा जमिनीखालून आणावे लागते. वरच्या मजल्यावर स्लॅब फोडता येत नाही. मग फरशी चार-सहा इंच उचलून खालून नळ्या न्यायच्या, म्हणजे आत आणखी एक पायरी. सांडपाण्याच्या नळीला उतार हवा, म्हणून खुर्ची न्हाणीघराच्या भिंतीपासून फार लांब नेता येत नाही. नळी गळली की पहिली ओल खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर उमटते. कॉम्प्रेसर बाल्कनीत ठेवला तर त्याची घरघर शेजाऱ्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत चालते आणि सोसायटीच्या सभेत विषय निघतो. म्हणून इंटिरियरवाल्याच्या आधी प्लंबरला जागा दाखवावी. तो नको म्हणाला तर पुढे बोलूच नये.

परवानग्याही जागेला चिकटलेल्या असतात. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफी केंद्राची पीसीपीएनडीटी कायद्याखालील नोंदणी त्या पत्त्याची असते आणि पत्ता बदलायचा तर तीस दिवस आधी कळवावे लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम एकही खाट नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्त लागलेला कापूस ४८ तासांहून अधिक ठेवायचा नाही, पण तेवढा वेळ तरी त्या पिवळ्या पिशवीला दाराआडची जागा हवी. ती जिन्याच्या वळणावर ठेवणाऱ्या डॉक्टरविरुद्ध रहिवाशांची तक्रार आली तर आम्ही रहिवाशांच्या बाजूने आहोत.

एक जागा मात्र फुकट मिळते : औषधाच्या दुकानामागची केबिन. भाडे नाही, अनामत नाही, वीजही दुकानदाराची. त्या बदल्यात काय अपेक्षित आहे हे कोणी बोलून दाखवत नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने कमिशन तर निषिद्ध ठरवलेच, औषधाच्या दुकानावर डॉक्टरने पाटी लावणेही अनुचित म्हटले. भाडे शेवटी चिठ्ठीतून वसूल होते आणि ते रुग्ण भरतो.

राहिला करार. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे भाड्यावर भरलेला जीएसटी डॉक्टरला वळता करून घेता येत नाही. मालक नोंदणीकृत असेल तर चाळीस हजारांचे भाडे प्रत्यक्षात सत्तेचाळीस हजार दोनशे पडते. घासाघीस करताना हा आकडा समोर ठेवावा. अकरा महिन्यांचा करार राहत्या घराला ठीक. दवाखान्यात नळ्या, फरशी, वायरिंग यांवर घातलेला पैसा भिंतीतच राहतो आणि रुग्णांना पत्ता पाठ होतो. उठावे लागले तर दोन्ही जाते. म्हणून मुदत पाच वर्षांची धरावी आणि लॉक-इनचे कलम नीट वाचावे. पुष्कळदा ते फक्त डॉक्टरला बांधते, मालक मात्र महिन्याच्या नोटिशीने मोकळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मालक नोंदणीला का-कू करत असेल, किंवा लॉक-इन स्वतःवर घ्यायला तयार नसेल, तर जागा कितीही आवडलेली असली तरी ती सोडावी.