यंत्र नाखव्याचे, किल्ली कंपनीची

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एकाच मंडपात दोन गोष्टी झाल्या. पहिली, वाढवण बंदराची पायाभरणी. खर्चाचा अंदाज सुमारे ७६ हजार कोटी रुपये. दुसरी, मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ. खर्च सुमारे ३६० कोटी, नौका एक लाख. पहिल्या गोष्टीवर पुष्कळ लिहिले गेले आणि लिहिले जाणे अवश्यच होते, कारण किनाऱ्यावरच्या माणसाने त्या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केलेला आहे. दुसऱ्या गोष्टीची चिकित्सा मात्र कोणी केली नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचे दात मोजू नयेत, असा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. प्रस्तुत लेखक आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवीत आला असल्यामुळे हा शिष्टाचार त्याला पाळता येत नाही.

प्रथमच सांगतो की यंत्राला विरोध नाही. इस्रोने विकसित केलेले हे उपकरण उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पोचविते. मोबाईलचा टॉवर किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर साथ सोडतो. तिथून पुढे वादळाची सूचना, संकटाची हाक, सागरी सीमेचा इशारा हे सारे या पेटीच्या भरवशावर असते. एका नौकेमागे भागाकार केला तर हा खर्च सुमारे ३६ हजार रुपये होतो. ज्या राज्यात उद्योगपतींना सवलती देण्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे, तिथे खलाशाच्या जिवासाठी इतकी रक्कम खर्च झाली तर तक्रार कसली?

तक्रार पुढची आहे. पेटी बिघडली की काय? समुद्रावर यंत्र बिघडते ते अपवादाने नव्हे, नियमाने. खारे पाणी जोडणीच्या पिनांत शिरते आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. इंजिन चालू करताना बॅटरीचा दाब घसरतो आणि नाजूक मंडले दचकतात. तळाला बसविलेल्या ट्रान्सड्यूसरवर शेवाळ आणि शिंपले धरतात. मग फिशफाइंडरचा पडदा उजळतो, पण त्यावर खोलीही दिसत नाही आणि मासळीचा थवाही दिसत नाही. वास्तविक या यंत्राचे तत्त्व साधे आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. हाक मारायची, प्रतिध्वनीची वाट पाहायची, लागलेल्या वेळेचा निम्मा हिशेब करायचा. बारावी विज्ञान झालेल्या मुलाला हे अर्ध्या तासात समजते. परंतु पेटी उघडण्याचा अधिकार त्या मुलाला नाही. मोहोर तोडली की हमी संपते. सुटा भाग अधिकृत विक्रेत्याकडेच मिळतो, मंडलाचा आराखडा कोणालाच मिळत नाही, आणि आतल्या संगणकीय आज्ञावलीची किल्ली कंपनीच्या तिजोरीत असते.

याची तुलना इंजिनाशी करून पाहावी. खडकीच्या किर्लोस्करांची आणि चिंचवडच्या रस्टन अँड हॉर्न्सबीची डिझेल इंजिने गावोगाव पोचली, ती ज्या कारागिरांच्या बळावर पोचली त्यांच्यापैकी कितीकांनी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे तोंडही पाहिले नव्हते. विहिरीवरच्या इंजिनाचा पंप काढून, धुऊन, पुन्हा बसविणारा मिस्त्री तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत तयार झाला. बंदरांवरही तेच झाले. आज हर्णै, मिरकरवाडा, सातपाटी, वर्सोवा, कुठेही जा, नौकेचे इंजिन रात्रीतून उघडून पहाटे चालू करून देणारा माणूस सापडतो. याचे कारण मराठी माणसाच्या बोटांतली जादू नव्हे. सुटे भाग बाजारात खुले होते आणि यंत्र उघडणे हा गुन्हा नव्हता, एवढेच कारण. इंजिन आले तेव्हा ज्ञान खाली झिरपले. इलेक्ट्रॉनिक पेटी आली तेव्हा ज्ञान मोहोरबंद झाले.

आता कोणी विचारील, या साऱ्याचा पिंपरी-चिंचवडशी आणि चाकणशी काय संबंध? समुद्र तिथून सह्याद्रीपलीकडे आहे. संबंध असा की मोहोरबंद दुरुस्तीची ही विद्या ज्यांनी आपल्याकडे पूर्णत्वाला नेली, त्यांच्या चिमण्या याच पट्ट्यात आहेत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. एकट्या टाटा मोटर्सचा वाटा १,३४६ कोटींचा. दंड झालेल्यांत महिंद्र होती, मर्सिडीझ-बेंझ होती, फोक्सवॅगन होती, तेव्हा तळेगावला मोटारी बनविणारी जनरल मोटर्सही होती. पिंपरी, चाकण, तळेगाव: एका दिवसाच्या सायकलफेरीत या सर्वांच्या फाटकांवरून जाता येईल. अपराध कोणता? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे. आयोगाची मीमांसा अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. मोटार विकण्याच्या बाजारात स्पर्धा असेल; पण एकदा मोटार घेतली की तिच्या सुट्या भागांचा बाजार निराळा, आणि त्या बाजारात प्रत्येक कंपनी शंभर टक्के मक्तेदार. गाडी घेताना गिऱ्हाईक पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचा हिशेब करू शकत नाही, आणि घेतल्यावर सुटू शकत नाही. पुढे अपिले झाली, प्रकरण न्यायालयांत गेले. मीमांसा मात्र खोटी ठरण्यासारखी नाही.

मोटारीच्या मालकाला निदान वर्तमानपत्र आहे, ग्राहक मंच आहे, आणि गाडी बंद पडली तर तो रिक्षा करतो. नाखव्याची नौका बंद राहिली तर हंगामाचे दिवस बुडतात, आणि हंगाम मोजका आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. उरलेल्या महिन्यांतून वादळाचे दिवस वजा करा. दुरुस्तीसाठी पाठविलेली पेटी मुंबईहून पंधरवड्याने परत आली तर तो पंधरवडा कोणाच्या नावे टाकायचा? कंपनीच्या खतावणीत त्यासाठी रकाना नाही. गेल्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर एका वृद्ध तांडेलाने मला शांतपणे सांगितले, "साहेब, दोन पेट्या घेतल्यात. एक बिघडते म्हणून दुसरी." पाठ्यपुस्तकातली मक्तेदारीची आकृती फळ्यावर काढायला मला एक तास लागत असे. त्याने ती एका वाक्यात काढली.

आपल्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतील की नाखवा हा मालक. मालकाच्या यंत्राची चिंता आपण का वाहावी? या आक्षेपात वर्गविश्लेषणाचा आव आहे, विश्लेषण नाही. ज्या नौकांवर वाट्याची पद्धत टिकून आहे, तिथे कमाईतून आधी खर्च वजा होतो आणि मग उरलेल्याचे वाटे पडतात. दुरुस्तीचे बिल वाढले की खलाशाचा वाटा आपोआप आखडतो. त्याला कोणी विचारतही नाही. जिथे खलाशी पगारी आहे, आणि रत्नागिरीच्या बाजूला तो पुष्कळदा नेपाळातून आलेला आहे, तिथे बंद पडलेल्या वायरलेसची किंमत तो पैशात मोजत नाही. वादळाची सूचना न पोचलेल्या नौकेवर मालक असतोच असे नाही. खलाशी मात्र असतो.

यात आणखी एक काटा आहे. २००८ च्या नोव्हेंबरात 'कुबेर' नावाची मासेमारी नौका बळकावून अतिरेकी मुंबईत आले, त्या नौकेच्या तांडेलाचा त्यांनी खून केला. तेव्हापासून किनाऱ्यावरचा प्रत्येक कोळी हा सरकारच्या लेखी अर्धा नागरिक आणि अर्धा संशयित आहे. ओळखपत्रे आली, नौकांना रंग आले, जानेवारी २०२५ पासून राज्य सरकारचे ड्रोन घिरट्या घालू लागले. एलईडी दिव्यांच्या आणि परप्रांतीय ट्रॉलरांच्या लुटीला आळा बसणार असेल तर पारंपरिक मच्छीमारच ड्रोनांचे स्वागत करील, हे मान्य. पण नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर नादुरुस्त यंत्र आणि मुद्दाम बंद ठेवलेले यंत्र ही दोन्ही सारखीच दिसतात. दुरुस्तीची सोय न देता यंत्र सक्तीचे करणे म्हणजे बिघाडाला अपराधाच्या दारात नेऊन उभे करणे होय.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळही उघडले. क्षेत्रे निवडली चार: शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, मोटारी. या यादीत नौका नाही. परंतु एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. मग तर्क सरळ आहे: मासेमारी ही शेती असेल, तर फिशफाइंडर आणि ट्रान्सपाँडर ही शेतीची अवजारे आहेत, आणि ट्रॅक्टरला जो अधिकार तोच त्यांना. हा दर्जा वीजदराच्या कागदापुरता आहे की खरा आहे, याची परीक्षा इथे होईल. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरी जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याच संघीय व्यापार आयोगाने जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीवर दुरुस्ती अडवून ठेवल्याबद्दल दावा दाखल केला. तिथल्या शेतकऱ्याने हे घडवून आणले. सरकारला झोपेत साक्षात्कार झाला नाही.

कंपन्यांचे म्हणणे असते की हे नाजूक तंत्र आहे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती ते देता येत नाही. हा युक्तिवाद चाकणला जाऊन तपासावा. नौकेवरची आधुनिक उपकरणे एकमेकांशी ज्या प्रणालीने बोलतात, त्या एनएमईए २००० चा पाया आहे कॅन-बस, म्हणजे मालमोटारीच्या आणि मोटारीच्या पोटात आज जी प्रणाली सर्वत्र चालते तीच. भोसरीच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत मिठाच्या पाण्याचे फवारे सोडून भाग गंजतो की नाही हे तपासणाऱ्या पेट्या आहेत. पाणी शिरू नये म्हणून जोडणी कशी बंद करावी, तारांचा जुडगा कसा बांधावा, बिघाड यंत्राने कसा शोधावा, हे जाणणारे तरुण हात या पट्ट्यात हजारोंनी आहेत. ऐरेगैरे कोण? ज्यांच्या हातून रोज परदेशी जाणाऱ्या मोटारी बाहेर पडतात ते?

आणि या हातांची अवस्था काय? काही महिन्यांचे 'प्रशिक्षण', मग घरी, मग दुसऱ्या फाटकावर पुन्हा प्रशिक्षण. २०१३ च्या 'नीम' योजनेने या प्रथेला सरकारी शिक्का दिला. योजना पुढे गुंडाळली गेली, प्रथा गुंडाळली गेली नाही. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबविले तेव्हा हजाराहून अधिक कायम कामगार, वर्षानुवर्षांचे कसब घेऊन, फाटकाबाहेर झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितांनी कंत्राटी कामगारविषयक तरतुदींची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेली आहे. घाटावर कसब पडून आहे आणि घाटाखाली यंत्रे पडून आहेत. मध्ये उभी आहे ती मोहोर.

राज्याच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांतला अभ्यासक्रम नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन यांचा आहे. इंजिन झाले, इलेक्ट्रॉनिक उपकरणांची दुरुस्ती नावातसुद्धा नाही. केंद्राची मत्स्य-नौकानयन आणि अभियांत्रिकी प्रशिक्षण देणारी संस्था १९६३ पासून कोचीला आहे. तिच्या शाखा चेन्नईला आणि विशाखापट्टणमला. इतक्या वर्षांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकही शाखा असू नये, याचा जाब विधानसभेत कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

मागणी अवाढव्य नाही. सरकारी पैशातून बसविलेल्या प्रत्येक उपकरणाचा आराखडा, निदानाची आज्ञावली आणि सुटे भाग खुले असलेच पाहिजेत, ही अट खरेदीच्या करारात घालावी. ३६० कोटींचे गिऱ्हाईक अट घालू शकत नसेल तर कोण घालणार? मोरवाडीची महापालिकेची आयटीआय आणि किनारी जिल्ह्यांतील आयटीआय यांनी मिळून सागरी इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम चालवावा, आणि तळेगाव-चाकणच्या बेकार झालेल्या कुशल कामगारांना त्यात शिक्षक म्हणून घ्यावे. दुरुस्तीघर मात्र मच्छीमार सहकारी संस्थेच्या मालकीचे असावे. बर्फाचा कारखाना आणि डिझेलचा पंप चालविणाऱ्या संस्थेला एक टेबल, एक मोजयंत्र आणि दोन पगारी कारागीर चालविता येणार नाहीत, असे म्हणणाऱ्याने सातपाटीला एक फेरी मारावी. ते कारागीर कायम नोकरीवर असावेत. सहकाराच्या नावाखाली आणखी एक कंत्राटदार जन्माला घालण्यात आपल्याला रस नाही.

पिंपरी-चिंचवडच्या कामगार संघटनांतील आपल्या सहकाऱ्यांना हे काम आपले वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. मच्छीमार संघटनांना चाकण हे नाव परके वाटते. येत्या १ जूनला नौका किनाऱ्यावर ओढल्या जातील आणि दोन महिने सारी यंत्रे हाताशी असतील. त्याआधी दहा बंदरांवर दोन-दोन कार्यकर्त्यांनी जावे, सोबत पट्ट्यातला एक इलेक्ट्रॉनिक्सचा कामगार न्यावा, आणि प्रत्येक केबिनमध्ये कोणते यंत्र आहे, केव्हा बंद पडले, कोठे पाठविले, किती दिवसांनी आणि किती पैशांत परत आले, याची नोंद वहीत करावी. ही वही प्रथम मत्स्यव्यवसाय आयुक्तांपुढे ठेवावी, आणि तिथे ती मिटविली गेली तर स्पर्धा आयोगापुढे.