विश्लेषण : मोबाइल नेटवर्कमधील ‘हुशार’ प्रणाली एकमेकींच्या आड का येतात?

फोनवर रेंज पूर्ण दिसते, तरी चालत्या गाडीत कॉल तुटतो. अशा वेळी टॉवर बिघडलेलाच असतो असे नाही. टॉवर सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रणाली एकमेकींचे निर्णय फिरवत असल्या, तरीही हे घडू शकते. दूरसंचार कंपन्या नेटवर्कचा कारभार यंत्रशिक्षणावर, म्हणजे मशिन लर्निंगवर सोपवू लागल्या आहेत. त्यामुळे एकेक प्रणाली किती हुशार आहे, यापेक्षा त्यांच्यात मेळ कोण घालणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

नेटवर्क स्वतःला कसे सांभाळते?

अँटेनाचा कल किती, सिग्नलची ताकद किती, चालू कॉल शेजारच्या टॉवरकडे कधी सोपवायचा, अशी असंख्य सेटिंग्ज प्रत्येक टॉवरवर असतात. ती सतत हाताने बदलणे शक्य नाही. म्हणून मोबाइल तंत्रज्ञानाची मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ने २००८च्या सुमारास, फोरजीच्या पहिल्या मानकांबरोबरच, स्वतःची घडी स्वतः बसवणाऱ्या नेटवर्कची संकल्पना आणली. एक प्रणाली गर्दीची विभागणी करते, दुसरी कॉलची सोपवणूक सांभाळते, तिसरी वीज वाचवते, चौथी रेंज तपासते. पूर्वी या प्रणाली ठरीव नियमांवर चालत. आता त्या अनुभवातून शिकू लागल्या आहेत. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओ-रॅन अलायन्स’च्या रचनेत तर वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप्स एकाच नियंत्रकावर चालू शकतात.

घोडे अडते कुठे?

समजा, संध्याकाळी रेल्वे स्थानकाजवळच्या टॉवरवर ताण आला. गर्दी विभागणारी प्रणाली सोपवणुकीची मर्यादा सैल करते आणि कडेचे फोन शेजारच्या टॉवरकडे लवकर ढकलते. तिथे सिग्नल कमजोर असल्याने कॉल तुटू लागतात. ते पाहून सोपवणूक सांभाळणारी प्रणाली मर्यादा पुन्हा आवळते. फोन परत येतात, ताण वाढतो, की पहिली प्रणाली पुन्हा कामाला लागते. दोघींचे गणित आपापल्या जागी बरोबर असते, पण ग्राहकाचा फोन मात्र दोन टॉवरांमध्ये हेलपाटे घालतो.

हा झगडा एकाच सेटिंगवरून असल्याने निदान पकडता तरी येतो. वीज वाचवण्यासाठी एका प्रणालीने रात्री एखादी फ्रिक्वेन्सी बंद केली आणि रेंजमध्ये भगदाड पडले म्हणून दुसरीने शेजारच्या अँटेनांची ताकद वाढवली, तर दोघींनी हात लावलेली सेटिंग्ज वेगळी असतात. असा आडवळणाचा संघर्ष शोधणे फार अवघड असते.

शिकणाऱ्या प्रणालींमुळे गुंता का वाढतो?

लिहिलेले नियम आधी वाचून ते कुठे टकरतील हे सांगता येते. शिकणाऱ्या प्रणालीचे वागणे अनुभवातून घडते, म्हणून ते आधी वाचता येत नाही. शिवाय प्रत्येक प्रणाली परिणामाचे श्रेय किंवा दोष स्वतःच्या निर्णयाला देते. प्रत्यक्षात बदल दुसरीने केलेला असतो. म्हणजे चुकीचे कारण गृहीत धरून ती पुढचा धडा गिरवते.

समन्वय साधायचा कसा?

तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, अग्रक्रम : एका प्रणालीने सेटिंग बदलले की ठरावीक काळ दुसरीला मनाई. दुसरा, पडताळणी : बदलानंतर सेवा खालावली, तर आपोआप पूर्वस्थिती. तिसरा, सामायिक उद्दिष्ट : प्रत्येक प्रणालीचे यश वेगळे न मोजता सगळ्यांचा एकत्रित परिणाम मोजणे. ओ-रॅनच्या रचनेत जलद नियंत्रण १० मिलिसेकंद ते १ सेकंदात होते. इतक्या वेगात माणूस निवाडा करू शकत नाही. अग्रक्रम आधीच ठरवावा लागतो. आणि वीजबचत आधी की अखंड कॉल आधी, हा निव्वळ तांत्रिक प्रश्न नाही. त्याचे उत्तर कंपनीच्या व्यवस्थापनाने द्यायचे असते, ॲप पुरवणाऱ्याने नव्हे.

जबाबदारी कोणाची?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक जगभर सुमारे सहा तास ठप्प झाले. तिथे यंत्रशिक्षणाचा दोष नव्हता. पण धडा हाच होता. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले आणि ती आज्ञा रोखणारे तपासणी साधन दोषामुळे गप्प राहिले. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्याचे दिसताच डीएनएस सर्व्हरांनी, ठरल्याप्रमाणे, स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतले. सर्व्हरांनी नियम पाळला, तरी सेवा बुडाली.

भारतात ‘ट्राय’च्या २०२४च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार जिल्ह्यात चार तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिल्यास कंपनीने ते कळवायचे आहे, तर २४ तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास ग्राहकाला सवलत द्यायची आहे. मात्र दोन प्रणालींच्या ओढाताणीत रोज तुटणारे कॉल ‘सेवा बंद’मध्ये मोडत नाहीत. म्हणून प्रत्येक स्वयंचलित बदलाची नोंद, तो कोणत्या प्रणालीने केला आणि कोणी फिरवला याचा तपशील, कंपन्यांनी जपून ठेवायला हवा आणि नियामकाने तो मागायला हवा. नवी ॲप्स विकत घेणे सोपे आहे. त्यांच्या भांडणाचा निवाडा कोण करतो हे लेखी सांगता येत नसेल, तर त्या नेटवर्कला ‘स्वयंचलित’ म्हणण्यापेक्षा ‘बेवारस’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.